तांबी गेली कुठे?

(पनवेल येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पनवेलला औषधपाण्याचं नवल नाही. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली याच गावात धूतपापेश्वरचा कारखाना काढला आणि इथली आसवं-अरिष्टं घरोघर पोचली. ज्या परिचारिका बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात या तालुक्यात बाळंतपणं करण्यात घालवली. तेव्हा औषधाच्या गावात, बाळंतपणं करणाऱ्या बाईंच्या नावाने बोलायचं, तर विषयही तसाच हवा असं मला वाटलं. लघवीचं दुखणं आणि पाळणा लांबवणं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे बाई आवाज खाली आणून बोलते. आजच्या विषयात त्या दोन्ही एकत्र आलेल्या आहेत. गर्भाशयात बसवलेली तांबी क्वचित कधी आपली जागा सोडते आणि मूत्रमार्गाच्या दुखण्याचं कारण होते, त्याबद्दल मी बोलणार आहे.

सुरुवातीलाच आकडा सांगते, म्हणजे कोणी घाबरून घरी जाणार नाही. तांबी बसवताना गर्भाशयाला छिद्र पडण्याचं प्रमाण हजारात एक, फार तर दोन. युरोपातल्या सहा देशांत ६० हजारांहून जास्त बायकांची नोंद ठेवून एक मोठा अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तांब्याच्या साधनासाठी हे प्रमाण हजारी १.१ निघालं आणि हार्मोनच्या साधनासाठी १.४. छिद्रातून बाहेर गेलेल्या तांब्याही बहुतेक पोटाच्या पोकळीत, आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यात अडकून राहतात. मूत्राशयात शिरतात त्या त्यातल्याही थोड्या. भारत, तुर्कस्तान, इराण, चीन अशा देशांतल्या डॉक्टरांनी या रुग्णांच्या नोंदी छापलेल्या आहेत. जगात कोट्यवधी बायका हे साधन वापरतात, हे लक्षात घेतलं तर हा त्रास दुर्मीळच म्हणावा लागेल.

मग त्यावर तासभर कशाला? कारण हे दुखणं सापडायला एक साधा एक्स-रे पुरतो. आणि तो एक्स-रे निघेपर्यंत कित्येक बायकांनी वर्षानुवर्षं आग सोसलेली आहे. दुर्मीळ आजारात बऱ्याचदा आपण हतबल असतो, तपासणी महाग असते, उपचार नसतो. इथे तसं काहीच नाही. इथे बाईच्या आणि उपचाराच्या मध्ये एकच वाक्य उभं असतं. ‘तांबी पडली असेल.’ आज मला या वाक्याशी भांडायचं आहे.

आधी वस्तू बघू. सरकारी दवाखान्यात मिळणारी ३८०ए ही तांबी टी अक्षराच्या आकाराची पॉलिथिनची काडी आहे, ३६ मिलिमीटर उंच आणि ३२ मिलिमीटर रुंद. उभ्या दांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, आडव्या दोन्ही हातांवर तांब्याच्या छोट्या नळ्या. तांब्याचा एकूण पृष्ठभाग ३८० चौरस मिलिमीटर, म्हणून तिला तो आकडा चिकटला. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती २००२ साली आली आणि दहा वर्षं काम करते. तिच्या प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं. गर्भ राहू न देण्याशी त्याचा काही संबंध नाही. एक्स-रेमध्ये काडी पांढरी उठून दिसावी, एवढ्याचसाठी ते असतं. ही वस्तू हरवू शकते हे तिच्या कर्त्यांनी आधीच गृहीत धरलं होतं आणि शोधायची सोय तिच्या अंगातच करून ठेवली होती.

दुसरी सोय म्हणजे दोरा. दोऱ्याची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण तिथेच सगळं अडतं.

गर्भाशयात काहीतरी ठेवून गर्भ टाळायचा, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत रिख्टर नावाच्या डॉक्टरने १९०९ साली रेशीमकिड्यापासून काढलेल्या धाग्याचं कडं वापरल्याचं लिहिलं. बर्लिनच्या एर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी १९२०च्या दशकात चांदीच्या तारेचं कडं आणलं. त्या चांदीत तांबं मिसळलेलं होतं, पण तांब्याची किमया कळली १९६९ मध्ये, चिलीच्या हाइमे झिपर यांच्या प्रयोगांतून. ग्रेफेनबर्ग यांच्या कड्याला शेपूट नव्हतं. ते जागेवर आहे की नाही हे बाईला कळायला मार्ग नव्हता, आणि काढायचं तर आत आकडी घालून चाचपावं लागे. चीनमध्ये पुढे कोट्यवधी बायकांना पोलादी कडी बसवली गेली, तीही बिनदोऱ्याची.

१९६२ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या जॅक लिपीज यांनी प्लास्टिकचा नागमोडी लूप आणला आणि त्याच्या टोकाला नायलॉनचा दोरा बांधला. बाहेरून दोरा दिसला की लूप जागेवर आहे, दोरा ओढला की लूप बाहेर. बाईच्या हातात पहिल्यांदाच तपासायचं काही आलं. पण हाच दोरा चुकीचा निवडला तर काय होतं, हेही जगाने पाहिलं. अमेरिकेत १९७१ ते १९७४ या काळात ‘डाल्कन शील्ड’ नावाचं साधन विकलं जात होतं. त्याचा दोरा अनेक धाग्यांचा पीळ होता, त्यावर आवरण होतं, आणि त्या पिळातून जंतू वर चढत. अनेक बायकांना गंभीर जंतुसंसर्ग झाला, काही दगावल्या, खटल्यांनी कंपनी बुडाली. तेव्हापासून तांबीचा दोरा एकेरी, गुळगुळीत धाग्याचाच असतो.

आपल्याकडे हे सगळं आलं ते एका मोठ्या लढ्याच्या पाठीवर बसून. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र सुरू झालं. या कामापायी कर्व्यांची प्राध्यापकी गेली, त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले, एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुण्याच्या शकुंतलाबाई परांजपे यांनी हेच काम पुढे नेलं, बाया-माणसांशी थेट बोलून. मुंबईच्या डॉ. रुस्तम सूनावाला यांनी पॉलिथिनचं साधन स्वतः विकसित केलं. सरकारी कार्यक्रमात लूप आला १९६५ साली. पहिल्या काही वर्षांत तो लाखोंना बसला आणि मग ओसरला, कारण अंगावरून जास्त जायला लागल्यावर बाईला समजावून सांगणारं, पुन्हा तपासणारं कोणी नव्हतं. बसवण्याचे आकडे लिहिले जात होते, पुढे काय झालं हे विचारायला वही नव्हती. ठरवून दिलेला आकडा गाठायची ही टार्गेटची पद्धत कागदावरून गेली १९९६ साली. माणसांच्या डोक्यातून ती किती गेली, हे प्रत्येकाने आपापल्या केंद्रात पाहावं.

आता ती जागा सोडते कशी, ते बघू.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तांब्या बसवण्याचं काम रोजचं, त्यामुळे पायरी पायरीने सांगते. आधी हाताने तपासून गर्भाशयाची पिशवी पुढे झुकलेली आहे की मागे, ते पाहायचं. ही पायरी दोन मिनिटांची, आणि गर्दीच्या दिवशी हीच वगळली जाते. मग पिशवीचं तोंड चिमट्याने धरून हलकेच ओढायचं, म्हणजे आतला बाक सरळ होतो. मग साउंड नावाची सळई घालून खोली मोजायची, साधारण सहा ते नऊ सेंटिमीटर भरते. त्या मापावर नळीची निळी कडी सरकवायची. नळी आत गेली, तळ लागला, की आतला दांडा जागच्या जागी धरून नळी मागे ओढायची. तांबी दांड्याने पुढे ढकलायची नसते, ती नळीतून मोकळी होऊन आपोआप हात पसरते. पिशवी मागे झुकलेली आहे हे न ओळखता नळी पुढच्या दिशेने रेटली, तर टोक पुढच्या भिंतीत घुसतं. आणि पुढच्या भिंतीला लागूनच लघवीची पिशवी आहे. सिझर झालेलं असेल तर व्रणही नेमका तिथेच, त्या दोन पिशव्यांच्या मध्ये.

कधी छिद्र त्याच क्षणी पडतं. कधी टोक भिंतीत अर्धवट रुततं आणि पिशवीच्या आकुंचनाने महिनोन्महिने पुढे सरकत राहतं. बाईला त्या वेळी कळतंच असं नाही. थोडं दुखलं, पाळीसारखी कळ आली, गोळी घेतली, संपलं. अंगावर पाजणाऱ्या बाईत धोका जास्त असतो, कारण तेव्हा गर्भाशय लहान आणि मऊ असतं. मघाशी सांगितलेल्या युरोपीय अभ्यासात तो सुमारे सहापट आढळला. सहापट म्हटलं तरी हजारातल्या मोजक्याच, पण आपल्याकडे तांबी बहुतेक बसवली जाते ती याच काळात, म्हणून हात जपून चालवायचा.

मूत्राशयात पोचलेल्या तांबीवर पुढे काय घडतं, ते समजायला खडीसाखर आठवा. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडला की त्यावर खडे धरत जातात, खडा फोडल्यावर तो दोरा निघतो. लघवीतही क्षार विरघळलेले असतात. परकी वस्तू मिळाली की ते तिच्यावर बसायला लागतात. त्यात जंतूंची भर पडते. प्रोटियससारखे काही जंतू युरिया फोडून लघवी क्षारधर्मी करतात आणि मग फॉस्फेटचा खडा झपाट्याने वाढतो. काही महिन्यांत नुसती पापुद्र्यासारखी पुटं, काही वर्षांत लिंबाएवढा खडा, आणि त्याच्या पोटात तांबी.

आता या बाईचा प्रवास ऐका. ही एक कोणी विशिष्ट बाई नाही. अशा रुग्णांच्या छापलेल्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या की जी उभी राहते, ती ही. तिशीतली, दोन मुलांची आई. तांबी बसवून वर्ष झालं. लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं. घरचे म्हणतात उन्हाळी लागली असेल. धन्या-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा होतो, शहाळी होतात. उतरतं थोडं. मग मेडिकलमधून गोळ्या. मग डॉक्टर, लघवीची तपासणी, पाच दिवसांचा कोर्स. बरं वाटतं. महिन्याने पुन्हा तेच. दुसरा डॉक्टर, वेगळं अँटिबायोटिक. कधी लघवी लालसर होते, तर ती समजते पाळीचं असेल. ओटीपोटात जड वाटतं, शरीरसंबंध नकोसे होतात, नवऱ्याशी कुरबुर. रात्री चार-चारदा उठते. कामावर जाताना पाणी पीत नाही, कारण कामाच्या जागी जायला आडोसा नाही. पाणी कमी, म्हणून आग आणखी.

हे सगळं ती लघवीच्या डॉक्टरला सांगते आणि तांबी बाळंतपणाच्या डॉक्टरकडे बसवलेली असते. पहिला तांबीबद्दल विचारत नाही, दुसरी लघवीबद्दल. तिला स्वतःला या दोन गोष्टींचा संबंध असेल असं वाटायचं कारणच नाही. शेवटी कोणीतरी सोनोग्राफी करतं आणि रिपोर्ट येतो, मूत्राशयात खडा.

इथे कोणत्याही डॉक्टरने थांबायला हवं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात खडा होतो तो बहुतेक पुरुषांना, प्रोस्टेट वाढून लघवी तुंबते म्हणून. बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो, लहानसहान कण वाहून जातात. तिच्या मूत्राशयात खडा निघाला की पहिला प्रश्न तो कशाभोवती धरला, हा असला पाहिजे. आधीच्या शस्त्रक्रियेचा टाका आहे का, जाळी आहे का, तांबी आहे का? किडनीतून उतरलेला खडा असेलही, पण ते नंतर.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मूत्राशयातला खडा शस्त्राने काढायची रीत दिलेली आहे. तिथे बाईच्या बाबतीत एक वेगळी सूचना आहे. गर्भाशय मूत्राशयाला अगदी लगटून असतं, म्हणून शस्त्र जपून चालवावं, नाहीतर लघवी झिरपत राहणारी जखम होते. हे शेजारपण आपल्याकडे इतक्या जुन्या काळापासून लिहून ठेवलेलं आहे. आजच्या केसपेपरवर मात्र त्या दोन अवयवांचे विभाग वेगळे, मजले वेगळे, फायली वेगळ्या.

अशा खड्याची शस्त्रक्रिया पडद्यावर कशी दिसते, तेही सांगते. युरोलॉजिस्ट मूत्रमार्गातून दुर्बीण आत घालतो, पाणी सोडून मूत्राशय फुगवतो. भिंत एरवी फिकट गुलाबी, तिच्यावर रक्तवाहिन्यांची नाजूक जाळी. या बाईची भिंत लाल, सुजलेली. मध्ये पिवळट-पांढरा, खरबरीत खडा. लेझरने किंवा हवेच्या ठोक्याच्या यंत्राने तो फोडत जायचं. टवके उडतात, पाणी गढूळ होतं, थांबून धुऊन घ्यायचं, पुन्हा फोडायचं. आणि मग त्या चुऱ्यातून एक सरळ कड दिसायला लागते. शरीरात सरळ रेष कुठेच नसते, त्यामुळे ती पाहिली की खोलीतल्या सगळ्यांना कळतं. मागोमाग काळवंडलेली तार, मग दोरा. तांबी पूर्ण मूत्राशयात असेल तर चिमट्याने धरून त्याच वाटेने बाहेर येते, पोट उघडावं लागत नाही. नळी काही दिवस ठेवली की भिंत भरून येते. एक हात अजून गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेला असेल, तर मात्र ओढाताण करायची नाही. तेव्हा पोटातून दुर्बिणीने किंवा उघडून, दोन्ही भिंती सोडवून शिवाव्या लागतात. आधी सीटी स्कॅन करून तिची नेमकी जागा पाहतात ते याचसाठी.

याखेरीज आणखी तीन प्रकार आहेत, तेही दुर्मीळ. पहिला, गर्भाशय आणि मूत्राशय यांच्यात आरपार वाट पडणं. त्यात लघवी नकळत झिरपते, किंवा पाळीचं रक्त लघवीवाटे येतं. यातल्या दुसऱ्या लक्षणाचं, लघवीवाटे येणाऱ्या पाळीचं, वर्णन कैरोच्या युसेफ यांनी १९५७ साली केलं. अशी वाट बहुतेक वेळा सिझरनंतर पडते, तांबीमुळे फारच क्वचित. दुसरा प्रकार मूत्रवाहिनीचा. बाहेर गेलेली तांबी किडनीतून येणाऱ्या नळीला टोचते किंवा तिच्याभोवती व्रण होऊन नळी आवळली जाते. हा सर्वांत फसवा, कारण एका बाजूची किडनी तुंबून फुगत जाते आणि बाईला कमरेत जरा भरून आल्यासारखं वाटतं, इतकंच. वाकून काम केलं, चमक भरली असेल, अशी समजूत होते.

तिसऱ्या प्रकारात तांबी जागेवरच असते, पण मुदत संपून कित्येक वर्षं तशीच विसरलेली. तिच्यावर ॲक्टिनोमायसिस नावाचे जंतू ठाण मांडतात आणि ओटीपोटात हळूहळू एक घट्ट, लाकडासारखी गाठ तयार होते. ती मूत्रवाहिन्यांना दाबते, किडन्या फुगतात, वजन उतरतं, आणि सगळ्यांना कर्करोगाची शंका येते. मोठी शस्त्रक्रिया ठरते. खरं तर हा जंतू पेनिसिलिनला वश आहे. तांबी काढून काही महिने औषध दिलं तर गाठ विरघळते. ‘तुम्हाला कधी तांबी बसवली होती का?’ या एका प्रश्नाने पोट उघडणं टळू शकतं.

आता पुन्हा त्या वाक्याकडे येते.

तांबी बसवल्यावर पहिल्या पाळीनंतर तपासायला बोलावतात. तोंडाशी दोरा दिसला तर प्रश्न मिटला. दोरा दिसला नाही तर? बऱ्याचदा तो वर गुंडाळला गेलेला असतो, तांबी जागेवरच असते. बाळंतपणानंतर लगेच, ४८ तासांच्या आत तांबी बसवली असेल तर सुरुवातीला दोरा न दिसणं नेहमीचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. म्हणून आधी गरोदरपणाची चाचणी, मग सोनोग्राफी. सोनोग्राफीत तांबी पिशवीत दिसली, तर उत्तम.

पिशवी रिकामी दिसली की मात्र घाई सुरू होते. ‘पडली असेल हो, पाळीत गेली असेल, लक्षात नाही आलं तुमच्या.’ आणि केसपेपरवर लिहिलं जातं, एक्सपेल्ड. तांबी पडू शकते, हे खरं आहे. बाळंतपणानंतर लगेच बसवलेल्या तर बऱ्यापैकी पडतात. पण पडताना ती कोणी पाहिली का? बाईने, घरच्यांनी, कोणी? पाहिली नसेल तर ती पडली असं लिहायचा आपल्याला अधिकार नाही. गर्भाशयाच्या सोनोग्राफीने एवढंच सांगितलं की ती गर्भाशयात नाही. पोटात बाकी जागा पुष्कळ आहे, आणि तिथे आतड्यांतली हवा आड आली की सोनोग्राफी आंधळी होते. म्हणून बरगड्यांपासून जांघेपर्यंत पोटाचा एक एक्स-रे. बेरियम आणि तांबं दोन्ही त्यावर लख्ख उमटतात. एक्स-रेत काही नसेल, तर खुशाल लिहा, पडली. त्याआधी नाही.

हा एक्स-रे राहून गेला की पुढे काय काय होतं, तेही नोंदवलेलं आहे. तांबी पडली म्हणून दिवस गेले, असं समजून बाळंतपण पार पडतं. मग दुसरी तांबी बसवली जाते. काही वर्षांनी लघवीच्या तक्रारीसाठी एक्स-रे निघतो आणि त्यात दोन तांब्या दिसतात, एक पिशवीत, एक बाहेर. अशा बाईला कोणी विचारलं, पहिलीचं काय झालं, तर ती प्रामाणिकपणे सांगते, डॉक्टर म्हणाले पडली.

बाहेर गेलेली तांबी त्रास देत नसली तरी सापडल्यावर काढावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तांब्यामुळे आजूबाजूला दाह होतो, ती आतड्याला, मूत्राशयाला चिकटू शकते. लवकर काढली तर काम सोपं.

पनवेलमध्ये मला हे का बोलायचं होतं, तेही सांगते. हे गाव रस्त्यांच्या सांध्यावर आहे. पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून निघतो, गोव्याचा रस्ता पळस्प्यापासून. विमानतळाच्या आणि टॉवरांच्या बांधकामांवर देशभरातली कुटुंबं येऊन राहिली. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पाऊस आला की परततात. खारघर-कामोठ्यात नोकरीसाठी आलेली जोडपी दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतात. बाईची तांबी बसते लातूरला किंवा गोरखपूरला, दोरा तपासायची वेळ येते वीटभट्टीवर, आणि आग सुरू होते तेव्हा ती कळंबोलीच्या एखाद्या खोलीत असते. तिच्याबरोबर प्रवास करत नाही तो कागद. तांबी बसवल्यावर एक कार्ड द्यायचं असतं. त्यावर कोणती तांबी, कोणत्या तारखेला बसवली, कधी काढायची, एवढं हवं. अनेकदा ते दिलं जात नाही, दिलं तर शिधापत्रिकेच्या प्लास्टिकमध्ये न राहता हरवतं. आशाताई इथे बसलेल्या दिसताहेत, त्यांना माझी विनंती आहे. नवीन कुटुंब वस्तीत आलं की मुलांच्या लसींबरोबर बाईला हेही विचारा. तांबी आहे का, कधीची, दोरा कधी पाहिला, लघवीला त्रास आहे का? चार प्रश्न. मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवायला सांगा. कागद हरवला तरी फोटो बहुतेक राहतो.

पतीराजांनाही सांगते. संततिनियमनाचा भार आपण बाईवर टाकलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली आढळली, पुरुषांची अर्धा टक्काही नाही. तांबी वापरणाऱ्या बायका जेमतेम दोन टक्के. बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि तिच्यात कोणाच्या मूत्राशयाला धक्का लागत नाही.

या दोन टक्क्यांमुळेच मला भीती वाटते की आजच्या व्याख्यानाचा उलटा अर्थ निघेल. कोणीतरी घरी जाऊन म्हणेल, तांबी लघवीच्या पिशवीत जाते म्हणे, नको ती भानगड. तसं कृपा करून म्हणू नका. तांबी बसवलेल्या शंभर बायकांत वर्षभरात एखादीला दिवस जातात, एवढी ती भरवशाची आहे. काढली की लगेच पुन्हा गर्भ राहू शकतो. रोजची गोळी लक्षात ठेवायला नको, दुकानात काही मागायला नको, नवऱ्याची मर्जी सांभाळायला नको. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांत बसवली तर ती तातडीचा उपाय म्हणूनही चालते. विशी-पंचविशीत ऑपरेशन करून मोकळं होण्याची जी रीत महाराष्ट्रात रुळली आहे, तिच्यापेक्षा कित्येक मुलींसाठी तांबी बरी. आणि लघवीची जळजळ झाली की ती तांबीमुळेच, असंही नाही. शंभरातल्या बहुतेक जणींना साधा जंतुसंसर्ग असतो, कोणाला मधुमेह, कोणाला पाणी कमी पिण्याचा परिणाम. पण तांबी असलेल्या किंवा कधीकाळी असलेल्या बाईला वर्षात तीनदा-चारदा आग झाली, लघवीतून रक्त गेलं, किंवा दोरा लागत नाही आणि दुखतं, तर अँटिबायोटिकचा चौथा कोर्स लिहिण्याआधी पोटाचा एक्स-रे काढावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

शेवटी तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांबद्दल. १९६५ नंतरच्या काळात लूप बसवलेल्या बायका आज ऐंशीच्या घरात आहेत. त्या लूपमध्ये तांबं नव्हतं, त्याला ठरावीक मुदत नव्हती, त्यामुळे काढायची आठवण कोणी केली नाही. पाळी गेली, विषय संपला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तांबी बसवलेल्या कित्येकींचंही तेच झालं. पाळी जाऊन वर्ष झालं की तांबी काढून टाकायची असते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. अशा आजीला वारंवार उन्हाळी लागत असेल, लघवी लाल होत असेल, विनाकारण वजन उतरत असेल, तर सुनेने किंवा नातीने एकांतात विचारावं, ‘आजी, तुला कधी लूप बसवला होता का? काढला का?’ ती लाजेल, विषय बदलेल, पुन्हा विचारा. उत्तर हो असेल आणि काढल्याचं आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून पोटाचा एक्स-रे लिहून मागा.

आता प्रश्न घेऊ. स्वयंसेवक चिठ्ठ्या गोळा करतील. चिठ्ठीवर नाव लिहायची गरज नाही. आणि ज्यांना सगळ्यांसमोर ऐकायचं नाही, त्यांच्यासाठी कार्यक्रमानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे.